मोहरीची चिमूट आणि दाराचा अडसर

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वैशाखी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले होते. बुद्धाची शिकवण कितीही थोर असली तरी ती घरदार सोडलेल्यांसाठी आहे. चूल, मुलेबाळे, शेतीवाडी आणि कोर्टकचेऱ्या सांभाळणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा तिचे आदराने स्मरण करावे, याहून अधिक तिचा उपयोग त्याला नाही, असा त्या पत्राचा आशय होता. पत्रलेखकांचा सूर कुठेही हेटाळणीचा नव्हता, आणि म्हणूनच त्यांना उत्तर द्यावेसे वाटले. हेटाळणी असती तर मी पान उलटून पुढे गेले असते.

मी फोंडा तालुक्यातील एका शाळेत मराठीची शिक्षिका होते आणि आता निवृत्त आहे. आमच्या घरात देवघर आहे, चवथीला माटोळी बांधली जाते, श्रावणातले सोमवार पाळले जातात. मी बौद्ध नाही आणि पाली, म्हणजे जुने बौद्ध ग्रंथ ज्या भाषेत आहेत ती भाषा, मला मराठी भाषांतराच्या आधाराशिवाय वाचता येत नाही, हे आरंभीच सांगून टाकते. मात्र गेली तीन वर्षे आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही सात-आठ जण दर पौर्णिमेच्या संध्याकाळी जमतो आणि पाली वाङ्मयातील एकच कथा किंवा एकच दृष्टान्त वाचतो. पौर्णिमा निवडली ती उपोसथाचा, म्हणजे बौद्धांच्या व्रताचा, दिवस म्हणून, असे आम्ही आता सांगतो. खरे कारण इतकेच होते की त्या दिवशी वाचनालयाचे सभागृह रिकामे असते. त्या तीन वर्षांच्या आधारावर हे पत्र लिहीत आहे.

बुद्धाने दृष्टान्तासाठी कोणत्या वस्तू निवडल्या, याकडे मी प्रथम पत्रलेखकांचे लक्ष वेधू इच्छिते. नांगर, तराफा, वीणेची तार, तेलाने काठोकाठ भरलेले भांडे, पाय धुवून झाल्यावर भांड्यात उरलेले चमचाभर पाणी, मोहरी, दाराचा अडसर. यांतली एकही वस्तू अरण्यातली नाही. ज्याला स्वयंपाकघर, अंगण आणि शेत ठाऊक नाही, त्याला हे दृष्टान्त समजावून सांगावे लागतील. ज्याला ते ठाऊक आहे त्याला नुसते आठवून द्यावे लागतील.

केवळ वस्तूंवरून अनुमान नको असेल तर सम्राट अशोकाची साक्ष काढता येईल. राजस्थानातील बैराट येथे सापडलेला आणि भाब्रूचा लेख म्हणून ओळखला जाणारा त्याचा शिलालेख आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात अशोक सात धर्मवचनांची नावे देतो आणि भिक्षु-भिक्षुणींनी ती पुनःपुन्हा ऐकावीत आणि मनात धरावीत, अशी इच्छा व्यक्त करून लगेच पुढे म्हणतो की उपासकांनी आणि उपासिकांनीही तसेच करावे. या सातांतले शेवटचे नाव खोटे बोलण्याविषयी बुद्धाने आपल्या मुलाला, राहुलाला, केलेल्या उपदेशाचे आहे, म्हणजे ते चमचाभर पाण्याचेच प्रकरण. कोवळ्या वयाच्या राहुलाला बुद्ध भांड्यातले उरलेले पाणी दाखवतो, ते फेकून देतो, भांडे पालथे करतो, पुन्हा उताणे करून रिकामे दाखवतो आणि प्रत्येक वेळी सांगतो की जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण असे आहे: इतके थोडे, असे फेकलेले, असे पालथे, असे रिकामे. मग तो विचारतो, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल म्हणतो. तसेच कायेने, वाचेने आणि मनाने काही करण्यापूर्वी, करीत असताना आणि करून झाल्यावर पाहत जा, हा त्या उपदेशाचा गाभा. यात घर सोडण्याची अट मला तरी कुठे दिसली नाही.

अशोकाने दिलेली ही सात नावे पाली वाङ्मयात नेमकी कुठे बसतात, हे शोधून काढण्याच्या कामात ज्यांचा वाटा मोठा होता ते धर्मानंद कोसंबी आपल्या साखवाळचे. 1876 साली जन्मलेला हा माणूस वडिलांच्या माडांची देखभाल करीत असताना मुलांच्या एका मराठी मासिकातील बुद्धचरित्रावरचा लेख वाचून अस्वस्थ झाला आणि 1899 मध्ये पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून घराबाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ आणि अखेर सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका, असा तो प्रवास आहे. तेथे 1902 साली ते श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित शिकाऊ भिक्षू, झाले. पत्रलेखक येथे मला अडवतील आणि म्हणतील की बघा, धर्मानंदांनाही घर सोडावेच लागले. त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि त्या घरात मागे राहिलेल्या बाईने काय सोसले असेल हा प्रश्न मला प्रत्येक वेळी टोचतो. परंतु त्या काळी बुद्धाचे शब्द मुळातून वाचायचे तर गोव्यात काय, मराठी मुलखातही सोय नव्हती, म्हणून त्यांना जावे लागले. पुढे ते परतले आणि जे मिळवून आणले ते त्यांनी सोप्या, स्वच्छ मराठीत लिहून ठेवले. ते गेले म्हणून आपल्याला आता घर सोडून जाण्याची गरज राहिलेली नाही, असा त्यांच्या आयुष्याचा अर्थ मी लावते. आपण मात्र दर बुद्धजयंतीला 1930 साली फादर हेरास यांना कोलवाळ येथे सापडलेल्या बुद्धमूर्तीचा उल्लेख करून, गोव्यातही बौद्ध धर्म होता हो, असे अभिमानाने सांगतो आणि घरी जातो. मूर्ती मुंबईला आहे. पुस्तके येथल्या वाचनालयांत आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा प्रतींची पाने अजून चिकटलेली आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्याकडे कीर्तनाची परंपरा जिवंत असल्यामुळे हे वाचकांना लगेच उमगेल. कीर्तनकार पूर्वरंगात अभंग निरूपणाला घेतो आणि उत्तररंगात त्यावर आख्यान लावतो; आख्यानाशिवाय निरूपण कोरडे आणि निरूपणाशिवाय आख्यान नुसती करमणूक. बुद्धकथांचे आज आपण असे करून ठेवले आहे की आख्यान गाळून टाकायचे, कोणाला, कधी, कशासाठी सांगितले तेही गाळायचे, आणि निरूपणातले एक वाक्य कमळाच्या चित्रावर छापून सकाळी सहा वाजता सर्वांच्या मोबाईलवर पाठवून द्यायचे. असे वाक्य वाचून मान डोलावण्यापलीकडे काही करता येत नाही. कथेत मात्र बहुधा कोणीतरी कोणाला तरी काहीतरी करायला सांगितलेले असते.

किसा गोतमीची कथा घ्या. ती बहुतेकांना ठाऊक आहे, निदान तिचे तात्पर्य ठाऊक आहे. श्रावस्तीची ही कृश बाई नुकतेच चालू लागलेले मूल गेल्यावर त्याचे प्रेत कमरेवर घेऊन दारोदार औषध मागत फिरते. लोक तिला वेडी म्हणतात. एक शहाणा माणूस तिला बुद्धाकडे पाठवतो. बुद्ध तिला पांढऱ्या मोहरीची चिमूट आणायला सांगतो, ज्या घरात मुलगा, मुलगी किंवा कोणीच कधी मेलेले नाही अशा घरातून. ती निघते. मोहरी प्रत्येक घरात मिळते आणि प्रत्येक घरातून ती परत द्यावी लागते. संध्याकाळपर्यंत तिला कळते, मूल ती स्मशानात ठेवते आणि रिकाम्या हातांनी परतते.

मृत्यू कोणालाच चुकलेला नाही, हे वाक्य बुद्ध तिला पहिल्याच भेटीत सांगू शकला असता. त्याने ते सांगितले नाही. त्याने तिला एक काम दिले, आणि ते काम असे होते की त्यासाठी तिला प्रत्येक उंबऱ्यावर थांबून घरच्या माणसांना त्यांच्या मेलेल्यांविषयी विचारावे लागले. तिने दिवसभर फक्त नकार ऐकले असे नव्हे. तिने दिवसभर दुसऱ्यांची दुःखे ऐकली. वाचनालयात ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा मला माझ्या घरचा दुखवटा आठवला. सहा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले, तेव्हा बाराव्यापर्यंत घरात माणसांची रीघ होती आणि आलेला जवळजवळ प्रत्येक जण, जन्माला आला तो जाणारच, हे मला सांगत होता. सगळे मायेने सांगत होते आणि माझ्यापर्यंत त्यातले काहीच पोहोचत नव्हते. नवव्या दिवशी आमच्या वाड्यावरची एक म्हातारी आली. तिने मला काहीच समजावले नाही. खूप वर्षांपूर्वी तिचा एक मुलगा नदीत बुडाला होता. तो सकाळी काय खाऊन बाहेर पडला होता आणि त्याची कुठली चड्डी वाळत घातलेली राहिली होती, तेवढे तिने सांगितले. मग ती अर्धा तास माझ्याशेजारी बसून राहिली आणि निघून गेली. त्या रात्री मला झोप लागली. त्या म्हातारीने बुद्धाची कथा ऐकली असण्याची शक्यता कमीच. पण मोहरी मागायला मी बाहेर पडू शकत नव्हते, म्हणून एक घर माझ्याकडे चालत आले, असे मला आता वाटते.

तेव्हापासून समाचाराला जाताना मी उपदेशाचे वाक्य घरी ठेवून जाते. शक्य असेल तर गेलेल्या माणसाविषयी एखादा साधा प्रश्न विचारते: त्यांना कुठली भाजी आवडायची, पेपर आधी कोण वाचायचे. हे फार सोपे आहे असे कोणी समजू नये. शोक करणाऱ्यापुढे गप्प बसणे ही मला आजवर सर्वांत कठीण गेलेली साधना आहे, आणि तीस वर्षे वर्गात बोलत राहिलेल्या बाईला तर ती आणखीच कठीण.

दुसरी कथा फारशी सांगितली जात नाही, कारण तिच्यात कमळाच्या चित्रावर छापण्याजोगे काही नाही. मज्झिमनिकाय या पाली ग्रंथातल्या करवतीच्या उपमेच्या सुत्तात, म्हणजे उपदेशात, ती येते. श्रावस्तीत वैदेहिका नावाची एक गृहिणी होती आणि ती स्वभावाने सौम्य, नम्र आणि शांत आहे अशी तिची सर्वत्र कीर्ती होती. तिच्या घरी काली नावाची दासी होती; कामाला चोख, कधी आळस नाही. एके दिवशी कालीच्या मनात आले की आपल्या बाईंच्या अंगात मुळातच राग नाही, की माझे काम चोख आहे म्हणून तो बाहेर पडत नाही? तिने पाहायचे ठरवले आणि ती उशिरा उठली. वैदेहिका म्हणाली, काय गं काली, आज उशीर? काली म्हणाली, काही नाही, बाईसाहेब. वैदेहिकेच्या कपाळाला आठ्या पडल्या. काली आणखी एकदा, आणखी उशिरा उठली. या वेळी शब्द बाहेर पडले. तिसऱ्या वेळी ती त्याहून उशिरा उठली तेव्हा वैदेहिकेने दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला. रक्ताने माखलेले डोके घेऊन काली शेजारणींकडे गेली आणि म्हणाली, पाहा हे शांत बाईंचे काम!

ही गोष्ट बुद्धाने भिक्षूंना सांगितली. मोलिय फग्गुन नावाच्या भिक्षूला, त्याच्या ओळखीच्या भिक्षुणींविषयी कोणी वावगे बोलले की लगेच राग येत असे. त्या प्रसंगी ती सांगितली गेली. अप्रिय शब्द कानावर पडत नाहीत तोवर माणूस शांतच असतो, तो शांत आहे की नाही हे शब्द पडल्यावर कळते, एवढेच तिचे म्हणणे. पत्रलेखकांचा तर्क येथे उलटा होतो हे मला दाखवायचे आहे. घर सोडलेल्या भिक्षूंना शांती म्हणजे काय हे समजावताना बुद्धाला घरातली मालकीण, घरातली मोलकरीण आणि सकाळची वेळ यांचेच उदाहरण घ्यावे लागले, कारण परीक्षा जर कुठे होत असेल तर ती तेथे होते.

आमच्या मंडळाचे दोन नियम आहेत. ज्या महिन्यात जी कथा वाचली ती त्या महिन्यात आपल्या घरात कुठे लागू पडते ते पाहायचे आणि पुढच्या पौर्णिमेला झाले असेल तसे सांगायचे, हा एक. कथा फक्त स्वतःला लावायची, दुसऱ्याला कधीही लावायची नाही, हा दुसरा. दुसरा नियम आम्ही पहिल्या दोन महिन्यांच्या अनुभवानंतर केला, कारण तोपर्यंत सभागृहात एकमेकांच्या सुना, जावा आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यावर बुद्धवचनांचा मारा सुरू झाला होता.

वैदेहिकेची कथा वाचली ती श्रावणात, आणि नातवाला सांगितली ती त्याच रात्री. पुढे चवथीच्या आठवड्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई लागोपाठ तीन दिवस उशिरा आल्या. घरात पाहुणे, नेवऱ्यांचे (करंज्यांचे) सारण परातीत, भांड्यांचा ढीग. पहिल्या दिवशी मी काही बोलले नाही आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःचे कौतुकही केले. दुसऱ्या दिवशी मी घड्याळाकडे पाहिले, त्यांना दिसेल अशा रीतीने. तिसऱ्या दिवशी मी जे बोलले ते येथे लिहिण्याजोगे नाही. त्या मुकाट्याने भांडी घासायला बसल्या, आणि ओट्यापाशी उभा असलेला दहा वर्षांचा नातू अतिशय गंभीरपणे म्हणाला, आजी, अडसर आणून देऊ का?

त्याने मंडळाचा दुसरा नियम मोडला होता, पण तो मंडळाचा सदस्य नाही, त्यामुळे मला काही म्हणता आले नाही. संध्याकाळी मी बाईंना उशिराचे कारण विचारले. खरे तर पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. सकाळी ज्या बसने त्या येत ती आठवडाभर येत नव्हती आणि मुख्य रस्त्यापर्यंत त्या चालत येत होत्या. या प्रसंगानंतर मी सिगालोवाद सुत्त पुन्हा काढून वाचले. राजगृहातला एक गृहपतिपुत्र वडिलांच्या सांगण्याप्रमाणे रोज सकाळी ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत असे. नमस्कार सोडून दे असे बुद्ध त्याला म्हणाला नाही. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकामुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे घरात राबणारी माणसे आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण, असे त्याने सांगितले. खालच्या दिशेविषयी मालकाची पाच कर्तव्ये तेथे दिली आहेत: झेपेल तेवढेच काम सांगावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात सेवा करावी, एरवी न मिळणारे गोडधोड वाटून खावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. यांतली चौथी गोष्ट आम्ही गोव्यात नेवऱ्यांच्या डब्याने नेमाने पार पाडतो. पाचवीविषयी प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावे. मी चवथीनंतर त्यांना चार दिवसांची भरपगारी रजा दिली, पण ती रागाची भरपाई म्हणून दिली हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत होते.

सर्वच कथा इतक्या सरळ लागू पडतात असा माझा दावा नाही. आमच्या एका सदस्यांच्या वडिलोपार्जित घराला चौदा हिस्सेदार आहेत, काही मुंबईत, काही परदेशात; वाटणीचा दावा चालू आहे आणि घराचे वासे कुजत आहेत. मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूला सांगितलेला बाणाचा दृष्टान्त वाचल्यावर ते बराच वेळ गप्प होते. विषारी बाण लागलेला माणूस वैद्याला म्हणतो की बाण मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, उंच होता की ठेंगणा, धनुष्याची दोरी कशाची होती, बाणाला पिसे गिधाडाची होती की मोराची, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. आणि हे कळण्यापूर्वीच तो मरतो. मूळ सुत्तात हा दृष्टान्त जग शाश्वत आहे की अशाश्वत, मरणानंतर तथागत, म्हणजे बुद्ध, असतो की नसतो, असल्या प्रश्नांविषयी आहे. जमिनीच्या कागदपत्रांशी त्याचा संबंध नाही, आणि तो तसा जोडणे म्हणजे ताणणे आहे, हे मी त्या दिवशी बोलूनही दाखवले. तरीही त्या गृहस्थांनी पाऊस सुरू होण्यापूर्वी चुलतभावाला फोन केला, दाव्याविषयी एक अक्षर न काढता, आणि दोघांनी निम्मा-निम्मा खर्च करून कौले परतून घेतली. दावा अजून चालू आहे. कागदपत्रे कोणी पळवली याविषयीचे त्यांचे मतही बदललेले नाही.

तराफ्याच्या दृष्टान्ताबाबत मात्र आमच्यात मतभेद झाला. नदी ओलांडण्यासाठी बांधलेला तराफा पलीकडे पोहोचल्यावर कोणी डोक्यावर घेऊन चालत नाही, तसा धर्मही पार होण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही, असे बुद्ध सांगतो. रायबंदरहून चोडणला उतरलेला माणूस फेरीबोट खांद्यावर घेऊन घरी जात नाही, असे म्हणून एका सदस्याने रोजची पूजा, जप, नामाच्या वह्या या सगळ्यांना तराफा ठरवून टाकले. मी गेली बावीस वर्षे नामाच्या वह्या लिहिते, त्यामुळे माझे कान लाल झाले. पण राग बाजूला ठेवूनही मला असे वाटते की दृष्टान्तातला माणूस आधी हातपाय मारून पैलतीरावर पोहोचलेला आहे. आपण अजून बोटीच्या मध्यावर उभे असताना ती सोडण्याची भाषा करणे म्हणजे पाण्यात पडणे. ज्याला रोजचा नेम नकोसा झाला आहे त्याच्या हाती हा दृष्टान्त फार सोयीचा सापडतो.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय पत्र पुरे करणे मला योग्य वाटत नाही. बुद्धाचे वर्षातून एकदा स्मरण करावे, असे पत्रलेखक म्हणतात तेव्हा 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमवेत ज्यांनी दीक्षा घेतली त्यांची घरे त्यांच्या डोळ्यांसमोर नसावीत. आमच्या शेजारी नोकरीनिमित्त आलेले असे एक कुटुंब काही वर्षे राहत होते. संध्याकाळी त्यांच्या घरातून त्रिशरण आणि पंचशील ऐकू येई, आणि त्या मुलांना शाळेचा गृहपाठ जितका नित्याचा तितकेच ते नित्याचे होते. माझ्यासाठी बुद्ध हा निवृत्तीनंतरचा वाचनाचा विषय आहे; त्यांच्यासाठी तो माणूस म्हणून ताठ उभे राहण्याचा आधार आहे, आणि हा फरक मी विसरू इच्छित नाही. पंचशीलातल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी येणाऱ्या ‘समादियामि’ या शब्दाचा अर्थ मला त्या घरातल्या आईने सांगितला: ‘मी स्वतःहून अंगीकारते.’ चोरी करू नको, अशी ती आज्ञा नाही. चोरीपासून दूर राहण्याचा धडा मी गिरवायला घेते, असे ते म्हणणे आहे. तीस वर्षे मुलांना आज्ञार्थ शिकवणाऱ्या मला हा व्याकरणाचा फरक शेजारणीकडून कळला.

आता आपल्याकडे एक विनंती. आपल्या दैनिकात पहिल्या पानाच्या वर रोज एक सुविचार छापला जातो आणि महिन्यातून दोन-तीनदा त्याखाली ‘गौतम बुद्ध’ असे लिहिलेले असते. त्यांतली काही वाक्ये मला पाली वाङ्मयाच्या मराठी भाषांतरांत शोधूनही सापडलेली नाहीत. त्याऐवजी महिन्यातून एकदाच, पौर्णिमेच्या अंकात, एक कथा पूर्ण छापावी: ती कोणाला सांगितली, कोणत्या प्रसंगी सांगितली आणि कोणत्या सुत्तात आहे, या तपशिलांसह. जागेची अडचण मी समजू शकते. वैदेहिकेची कथा दीडशे शब्दांत बसते, मी मोजून पाहिले आहे.

पुढच्या पौर्णिमेला आम्ही कसिभारद्वाजाची कथा वाचणार आहोत, कारण पेरण्या नुकत्याच आटोपलेल्या असतील. पाचशे नांगर जुंपलेला तो ब्राह्मण शेतकरी भिक्षेला आलेल्या बुद्धाला म्हणतो की मी नांगरतो आणि पेरतो, मग खातो. तूही नांगर, पेर आणि खा. मीही नांगरतो, असे सांगून बुद्ध श्रद्धेला बी, तपाला पाऊस आणि प्रज्ञेला जू व नांगर म्हणतो. ही कथा दोन पाली ग्रंथांत येते. सुत्तनिपातात शेवटी तो शेतकरी भिक्षू होतो. संयुत्तनिकायात तो उपासक होतो, म्हणजे घरीच राहतो. आपल्या पत्रलेखकांनी त्या संध्याकाळी यावे आणि यांतला कोणता शेवट त्यांना पटतो ते सांगावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आमच्यात एक खरोखरचे शेतकरी आहेत. पहिल्या शेवटात ते पाचशे नांगर आणि हजार बैल कोणाच्या ताब्यात गेले, हे आपण विचारणार असल्याचे त्यांनी आत्ताच जाहीर करून ठेवले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
फोंडा, गोवा